दहा शेतांवरून अख्ख्या मंडळाचं पीक कसं कळतं?

दसरा झाला की मामाचा फोन येतो आणि विषय ठरलेला असतो. "तू पोरांना ते आकड्यांचं शिकवतोस ना? मग सांग मला. आमच्या महसूल मंडळात, म्हणजे आजूबाजूच्या गावांत मिळून, सोयाबीनची हजारो रानं. त्यातली दहा निवडायची, तीही सगळी कापायची नाहीत, मधलाच एकेक तुकडा. आणि त्यावरून म्हणे सगळ्या मंडळाला विमा बसतो की नाही ते ठरणार. हे कोणत्या शाळेत शिकवतात?"

पहिल्या वर्षी मी त्याला शितावरून भाताची परीक्षा ऐकवली. फोन स्पीकरवर होता. मागून मामी म्हणाली, "भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजतो. रानं शिजतात का तशी? आणि भातसुद्धा वरचा फडफडीत नि तळचा करपलेला असतो कधी कधी. शीत कुठलं उचललं ते सांगशील की नाही?"

मी वर्गात नमुना पाहणी शिकवायला दोन तास घेतो. मामीने दोन वाक्यांत मुद्दा संपवला. शीत किती घेतली यापेक्षा कुठून घेतली हा प्रश्न मोठा आहे, आणि सर्वेक्षणाचं शास्त्र बरंचसं याच प्रश्नाच्या मागे लागलेलं आहे. म्हणून निवडणुकीचे कौल वगैरे बाजूला ठेवून मी इथे मामाच्या मंडळातला पीक कापणी प्रयोगच उलगडून दाखवतो. नमुना कसा काढायचा, चूक किती धरायची आणि फसगत कुठे होते, हे सगळं या एका प्रयोगात सापडतं.

आधी थोडं मागे जाऊ. गावाचं पीक किती आलं हे पूर्वी नजरेने ठरायचं. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, आणि यंदाचं पीक त्यातलं किती आणे हे अधिकाऱ्याने रान बघून सांगायचं. ही नजर आणेवारी. नाणी दशमान झाल्यावर तिची पैसेवारी झाली, आणि ५० पैशांच्या आत बाहेर हा फरक दुष्काळी सवलतींसाठी आजही महाराष्ट्रात जीव खालीवर करायला लावतो. नजरेत अडचण अशी की ती माणसाची असते. गेल्या वर्षीचा आकडा तिच्या डोक्यात असतो, वरून काय अपेक्षित आहे याचा अंदाज असतो, आणि रस्त्याकडेची रानं आतल्या रानांपेक्षा जास्त दिसतात.

जॉन ऑस्टिन हबॅक नावाच्या ब्रिटिश राजवटीतल्या एका आयसीएस (सनदी) अधिकाऱ्याने १९२३ ते १९२५ या काळात बिहार आणि ओडिशात भाताच्या पिकासाठी हे बदलून पाहिलं. कुठला तुकडा कापायचा हे कापणाऱ्याच्या मर्जीवर सोडायचं नाही, ते यांत्रिक नियमानेच ठरवायचं, असा त्याचा आग्रह होता. पुढे हाच गृहस्थ ओडिशा प्रांताचा पहिला गव्हर्नर झाला. पण त्याचं नाव गव्हर्नर म्हणून फार थोड्यांना आठवतं, संख्याशास्त्रात मात्र टिकून आहे. त्यानंतर बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तागाच्या पिकाची नमुना पाहणी १९३७ पासून उभी केली. आणि चाळीसच्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत बसून देशभरच्या पीक कापणीची घडी बसवली ती पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात १९११ साली जन्म, फर्ग्युसन कॉलेजात पदवी, मग लंडन, नंतर दिल्ली, आणि १९५१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत. त्यांच्याकडे पुन्हा येऊ, कारण महालनोबिस आणि त्यांच्यातलं एक भांडण या लेखाच्या मुळाशी आहे.

चिठ्ठी काढायची कशी

मामाला वाटतं तलाठी आणि कृषी सहाय्यक मोटारसायकलवरून येतात, सावलीचं झाड बघून थांबतात आणि शेजारचं रान मापतात. निदान कागदावर तरी तसं नाही. आधी मंडळातली काही गावं चिठ्ठीने, गावातून गट नंबर चिठ्ठीने, गटातून शेत, आणि शेतातून तुकडाही चिठ्ठीनेच. अशा पायरीपायरीच्या निवडीला बहुस्तरीय नमुना म्हणतात.

समजा गावातला शेवटचा गट नंबर ४२८ आहे. यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातून, म्हणजे ज्यात कुठलाही अंक कुठल्याही जागी येण्याची शक्यता सारखी आहे अशा तक्त्यातून, तीन आकडी संख्या उचलायची. आली ६९१. ती ४२८ पेक्षा मोठी, म्हणून ४२८ वजा करायचे, राहिले २६३. गट नंबर २६३ नक्की. आता इथे एक बारीक फट आहे आणि ती मला फार आवडते. ४२८ ची दुप्पट ८५६. समजा ८५७ ते ९९९ मधली एखादी संख्या आली आणि आपण तिच्यातून दोनदा ४२८ वजा केले, तर उत्तर १ ते १४३ यांतलंच येईल. म्हणजे पहिल्या १४३ गटांना तीन संधी आणि उरलेल्यांना दोनच. म्हणून ८५६ च्या वरची संख्या आली की ती सरळ टाकून द्यायची आणि पुढची घ्यायची. कुणाच्या लक्षातही येणार नाही असा हा पक्षपात एका ओळीच्या नियमाने बंद होतो.

मग शेतात जायचं. नैऋत्येच्या कोपऱ्यावर उभं राहून शेताची लांबी रुंदी मापायची. समजा ६२ मीटर आणि ४१ मीटर. कापायचा तुकडा १० बाय ५ मीटरचा (पिकाप्रमाणे हे माप बदलतं, काही ठिकाणी ५ बाय ५ चा चौरस असतो). ६२ मधून १० गेले ५२, ४१ मधून ५ गेले ३६. आता यादृच्छिक आकड्यांची एक जोडी काढायची, पहिला ५२ च्या आतला आणि दुसरा ३६ च्या आतला. आले १७ आणि २३. लांबीकडे १७ मीटर, मग काटकोनात आत २३ मीटर, तिथे पहिली खुंटी. चार खुंट्या, सुतळी, आणि कर्ण मापून पडताळा. १० बाय ५ च्या आयताचा कर्ण ११.१८ मीटर भरला पाहिजे. नाही भरला तर चौकट तिरपी बसली आहे. तेवढ्या चौकटीतलं सोयाबीन कापायचं, वाळवायचं, मळणी करायची, दाणे तोलायचे. आता मोबाइलवर जागेचे अक्षांश रेखांश आणि फोटोही चढवावे लागतात.

एवढा खटाटोप का? चांगल्या रानांतली दोन, मध्यम पाच, वाईट तीन अशी 'प्रातिनिधिक' रानं जाणत्या माणसाने निवडली तर काय बिघडलं? बिघडतं असं की ती रानं प्रातिनिधिक आहेत हे फक्त त्या जाणत्याचं मत राहतं. शेतकऱ्याला वाटतं खराब रान निवडावं, विमा कंपनीच्या माणसाला वाटतं चांगलं निवडावं, आणि मध्ये उभ्या असलेल्या माणसाला वाटतं लवकर आटपावं. चिठ्ठीला यातलं काहीच वाटत नाही. शिवाय, आणि हे जास्त महत्त्वाचं, चिठ्ठीने निवडलं तरच आपला अंदाज किती चुकलेला असू शकतो हे त्याच दहा आकड्यांवरून काढता येतं. मर्जीने निवडलेल्या नमुन्याला चूक नसते असं नाही, ती मोजता येत नाही एवढंच.

चिठ्ठी घालायला पिशवीत आधी सगळ्यांची नावं मात्र हवीत. कोणत्या गटात सोयाबीन आहे हे ई-पीक पाहणीच्या, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइलवर करायच्या पिकाच्या, नोंदीवरून कळतं. ज्याने नोंद केली नाही किंवा चुकीची केली, त्याचं रान पिशवीतच नाही. चिठ्ठी कितीही प्रामाणिक असली तरी ते निघणार कुठून? आणि दुसरा मोह: नंबर निघाला पण तिथे सोयाबीन नाही, मग पुढचा सोयाबीनवाला गट घेऊ. सोपं वाटतं. पण १०० ते १४० या गटांत सगळा ऊस असेल, तर १४१ नंबरच्या सोयाबीनला एकट्याला ४२ चिठ्ठ्यांची संधी मिळाली. ऊसपट्ट्याला लागून असलेल्या त्या रानाला पाण्याची सोय असण्याचीच शक्यता जास्त. उतारा, म्हणजे हेक्टरी उत्पादन, फुगला.

दहा पुरतात का

आता मामाचा खरा प्रश्न. हजारो रानांसाठी दहा?

पंतप्रधान पीक विमा योजनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रमुख पिकासाठी किमान प्रयोगांची संख्या दिली आहे. जिल्हा हे एकक असेल तर २४, तालुका असेल तर १६, महसूल मंडळ असेल तर १०, ग्रामपंचायत असेल तर ४. मंडळापेक्षा जिल्हा कितीतरी पट मोठा, पण प्रयोग अडीच पटसुद्धा नाहीत. हे पाहून कुणालाही वाटेल की सरकारने टाळाटाळ केली आहे. तसं नाही. नमुन्याची अचूकता ही नमुना एकूणाच्या किती टक्के आहे यावर जवळपास अवलंबून नसतेच. ती अवलंबून असते नमुन्यात किती तुकडे आहेत आणि रानारानांत फरक किती आहे यावर. ४,००० रानांतून दहा काढली काय आणि ४०,००० मधून दहा काढली काय, चुकीत पडणारा फरक दशांश चिन्हानंतर तिसऱ्या घरात जातो. अंगातलं रक्त तपासायला थेंबभरच घेतात. धिप्पाड माणूस आला म्हणून कुणी बादली मागवत नाही.

पण दहामध्ये चूक किती, हे आकड्यांतच पाहू. खालचे आकडे मी समजावण्यासाठी बनवलेले आहेत. दहा तुकड्यांतून निघालेले दाणे, किलोत: ६.२, ८.१, ४.९, ७.०, ९.३, ५.५, ७.६, ६.८, ३.९, ७.७. बेरीज ६७, सरासरी ६.७ किलो. तुकडा ५० चौरस मीटरचा, हेक्टर १०,००० चौरस मीटरचा, म्हणून २०० ने गुणायचं. हेक्टरी १,३४० किलो, म्हणजे १३.४ क्विंटल. हा २०० चा गुणाकार लक्षात ठेवा. तुकड्यात पाव किलो इकडचं तिकडे झालं की हेक्टरमागे अर्धा क्विंटल हलतो.

आता हे दहा आकडे सरासरीपासून किती पसरलेत? प्रत्येकाचा सरासरीशी फरक घ्या, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा: २३.४. त्याला नऊने भागा: २.६. वर्गमूळ घ्या: साधारण १.६ किलो. हे प्रमाण विचलन, म्हणजे एखादं रान सरासरीपासून सहसा किती लांब असतं त्याचा अंदाज. पण आपल्याला एका रानाची नाही, दहांच्या सरासरीची चूक हवी. सरासरीत कुणाचं जास्त कुणाच्या कमीने झाकलं जातं, म्हणून चूक घटते, आणि घटते ती संख्येच्या वर्गमूळाने. १.६ भागिले १० चं वर्गमूळ, म्हणजे जवळपास ०.५१ किलो. हिला प्रमाण चूक म्हणतात. हेक्टरी एक क्विंटलच्या आसपास.

यावरून पट्टा काढायचा. नमुना मोठा असता तर प्रमाण चुकीच्या दुप्पट इकडे, दुप्पट तिकडे एवढं पुरलं असतं. दहाच असल्यामुळे २ ऐवजी २.२६ ने गुणायचं. (छोट्या नमुन्यांसाठीची ही दुरुस्ती विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली. ते आयर्लंडमधल्या गिनेस बिअरच्या कारखान्यात नोकरीला होते, आणि त्यांचाही प्रश्न थोड्याच नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याचा होता.) पट्टा आला साधारण ११.१ ते १५.७ क्विंटल. अर्थ असा की हाच प्रयोग शंभर वेळा नव्या चिठ्ठ्या काढून केला, तर सुमारे ९५ वेळा असा पट्टा मंडळाच्या खऱ्या सरासरीला पोटात घेईल.

हा पट्टा रुंद आहे, आणि इथे मामाच्या तक्रारीत दम आहे. विम्यात एक उंबरठा उत्पादन असतं. गेल्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन त्यांची सरासरी काढायची आणि ठरलेल्या जोखीमस्तराने, समजा ७० टक्क्यांनी, गुणायची. उंबरठा १४ क्विंटल निघाला आणि प्रयोगात १३.४ आले, तर तूट ४.३ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० धरली तर हातात येणार सुमारे २,१४३ रुपये. खरी सरासरी १२ असती तर ७,१४३ आले असते. खरी १५ असती तर काहीच नाही. तिन्ही शक्यता त्या एकाच पट्ट्यात बसतात. पट्टा मात्र कुठेच छापला जात नाही, छापला जातो तो १३.४.

मग दहाचे वीस करा? वर्गमूळाचा नियम इथे आडवा येतो. चूक निम्मी करायची तर तुकडे चौपट, दहाचे चाळीस. जिल्ह्यात साठ मंडळं धरली तर आजच ६०० प्रयोग एका पिकाचे, आणि सोयाबीन सगळीकडे पंधरा वीस दिवसांत काढणीला येतं. तेवढ्यात तीच माणसं तूर, कापूस आणि अतिवृष्टीचे पंचनामेही बघतात. प्रयोग चौपट केले आणि माणसं तेवढीच ठेवली, तर वाढेल काय ते सांगायला संख्याशास्त्र लागत नाही.

दहा हे पुष्कळदा पुरते दहाही नसतात. पाच गावांत दोन-दोन प्रयोग घेतले, तर एका गावातली दोन रानं एकमेकांसारखी असतात: पाऊस तोच, माती बरीचशी तीच, बियाणंही एकाच दुकानातलं. दुसऱ्या रानाने नवं थोडंच सांगितलं. गावातलं साम्य ०.४ धरलं (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे हुबेहूब सारखी रानं), तर दहा प्रयोगांचं बळ सातांच्या आसपास उतरतं. एका घरात चार माणसांना तोच प्रश्न विचारून चार मतं मिळाली असं धरण्यासारखंच हे आहे. उलट थोडी आखणी केली तर फुकटात फायदाही होतो. तलावाखालची रानं वेगळी, माळावरची वेगळी अशी आधी विभागणी करून प्रत्येक भागातून स्वतंत्र चिठ्ठी काढली, तर दोन्ही भागांतला मोठा फरक चुकीच्या हिशेबातून बाहेर पडतो. ज्या भागात रानं जास्त वेगवेगळी तिथे जास्त प्रयोग घ्यावेत, हे गणित संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३४ मध्ये मांडलं. माळाच्या रानांवर मेहनत घालवा, पाटाखालची रानं बरीचशी सारखीच असतात.

मोठा नमुना आणि मोठी फसगत

आकडा मोठा म्हणजे भरवसा मोठा, ही समजूत जुनी आहे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यांच्यावरून रुझवेल्टविरुद्धचे उमेदवार लँडन जिंकणार असं निघालं. प्रत्यक्षात रुझवेल्टना ६१ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. पत्ते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांमधून घेतलेले, म्हणजे मंदीच्या काळातल्या खाऊनपिऊन सुखी घरांचे. त्यातही उत्तर पाठवण्याची ज्यांना जास्त खुमखुमी होती त्यांचीच पत्रं आली. वीस लाख शितं, सगळी पातेल्याच्या एकाच कडेची.

आपल्याकडचं उदाहरण याहून गमतीचं आहे. १९४१ मध्ये बंगालच्या तागाची एकीकडे महालनोबिस यांची नमुना पाहणी झाली आणि दुसरीकडे सरकारने रानन्‌रान मोजण्याची पूर्ण मोजणीही केली. नमुन्याचा अंदाज ७५ लाख गाठींच्या थोडा वर. पूर्ण मोजणीचा ६३ लाख. नंतर व्यापारातून आणि निर्यातीतून खरा ताग किती निघाला ते पाहिलं तर तेही ७५ लाखांच्या वरच. सगळं मोजलेलं चुकलं आणि थोडं मोजलेलं बरोबर आलं. कारण हजारो माणसं घाईघाईने नेमून सगळं मोजायचं म्हटलं की कामाचा कस जातो. नमुन्याच्या कामाला माणसं थोडी लागतात, त्यामुळे त्यांना शिकवता येतं आणि त्यांच्या मागे कुणीतरी तपासायला जाऊ शकतं.

आणि आता ते भांडण. महालनोबिसांचा कल लहान तुकड्यांकडे होता, दोन चार फूट त्रिज्येची वर्तुळं. लहान तुकडा पटकन कापून होतो, म्हणून तेवढ्याच पैशात जास्त तुकडे, म्हणून चूक कमी. वर्गमूळाच्या हिशेबाने अगदी रास्त. सुखात्मे म्हणाले, थांबा. त्यांनी एकाच पिकात लहान वर्तुळं आणि मोठे तुकडे दोन्ही कापून पाहिले, तर लहान वर्तुळांचा उतारा सातत्याने जास्त निघत होता. १९४६ मध्ये त्यांनी हे 'नेचर'मध्ये मांडलं. कारण असं की वर्तुळाच्या रेषेवर जे रोप येतं ते आत की बाहेर, हे कापणारा ठरवतो, आणि हात नकळत आतच घेतो. दोन फूट त्रिज्या म्हणजे २४ इंच. एक इंच जास्त गेला की २५. क्षेत्रफळ २४ चा वर्ग ५७६ वरून २५ चा वर्ग ६२५ या प्रमाणात वाढलं, साडेआठ टक्के. तोच एक इंच ५ मीटरच्या चौरसात चारही बाजूंनी गेला तरी दोनच टक्के. लहान तुकड्याला कड जास्त, पोट कमी.

ही चूक दहाचे हजार तुकडे करून जात नाही. चिठ्ठीतली चूक दोन्ही बाजूंना हेलकावते आणि संख्या वाढली की शांत होते. कडेची चूक एकाच बाजूला ढकलते. संख्या वाढली की आपण फक्त चुकीच्या आकड्यावर जास्त ठाम होतो.

आता मामाच्या सोयाबीनकडे या. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर. चौकटीची १० मीटरची बाजू ओळींच्या दिशेने आणि ५ मीटरची आडवी धरू. ५ मीटरला ०.४५ ने भागलं की ११.११. म्हणजे चौकट चिठ्ठीने कुठेही पडली तर बहुतेकदा ११ ओळी आत येतात, नऊ वेळांतून एकदा १२. पण खुंटी ठोकणारा सुतळी नेमकी पहिल्या ओळीच्या बाहेरून नेतो, ओळ मोडायला नको म्हणून. दिसायलाही ते नीटनेटकं. तिथून १२ वी ओळ ४.९५ मीटरवर येते आणि सुतळीच्या आत बसते. दर वेळी असं केलं तर दर वेळी १२. ११.११ च्या जागी १२, आठ टक्के वाढ. खरा उतारा १२.४ असेल तर कागदावर १३.४ लागतो. कुणी लाच घेतली नाही, कुणी खोटा आकडा लिहिला नाही, टेपही बरोबर लावली. उंबऱ्याच्या हिशेबात ११.४ टक्क्यांची तूट ४.३ वर आली.

घरोघरच्या पाहण्यांतही अशा सुतळ्या असतात. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० पासून चालू आहे, आणि देशातली गरिबी मोजायची ती याच पाहणीतल्या घरखर्चावरून. गेल्या ३० दिवसांत काय काय खाल्लं असं विचारलं तर माणूस विसरतो, ७ दिवसांचं विचारलं तर खर्च जास्त लागतो. १९९९-२००० च्या फेरीत एकाच घराला दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी रकान्यांत विचारले गेले. लोकांनी, किंवा लिहून घेणाऱ्यांनी, एका उत्तराचा दुसऱ्याशी मेळ घातला. १९९३-९४ चे ३६ टक्के दारिद्र्य २६ वर आलं, आणि त्यातलं किती खरंच घटलं नि किती रकान्यांनी घटवलं यावर अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं भांडले. घरं लाखाच्या वर होती. नमुन्याला कुणी नाव ठेवलं नाही, भांडण होतं ते प्रश्न कसा विचारला यावर.

सरासरी कुणाची

मामाची एक तक्रार मात्र नमुन्यावर ढकलता येत नाही. "माझं ओढ्याकाठचं दोन एकर वाहून गेलं. दहा रानांत माझं नव्हतं. मला काय?" दहा सोडा, चार हजार रानं कापली असती तरी उत्तर तेच. प्रयोग मंडळाची सरासरी सांगतो. ती सांगण्यात तो बऱ्यापैकी यशस्वी होतो, पण मामाच्या ओढ्याकाठाबद्दल तो काही बोलतच नाही. मंडळ हे एकक धरायचं की गाव की गट, हा धोरणाचा निर्णय आहे, आणि त्याचं बिल संख्याशास्त्राच्या नावावर फाडलं जातं. २०२५ च्या खरिपापासून राज्यात शेतकऱ्याने एक रुपया भरून मिळणारा पीक विमा बंद झाला आणि भरपाईचा भार मुख्यतः पीक कापणी प्रयोगावर आला. त्यानंतर तर मामाचे फोन आठवड्याला दोन झाले.

ओळींचा हिशेब मी त्याला मागच्या उन्हाळ्यात कागदावर काढून दाखवला होता. त्याने तो घडी करून पाकिटात ठेवला. यंदा शेजाऱ्याचा गट निघाला, तेव्हा मामा आपली कामं टाकून तिथे हजर. मला थेट रानातून फोन.

"खुंट्या ठोकल्यात. ओळी मोजल्या मी. बारा."

"सुतळी कुठून गेलीय?"

"ओळीच्या कडेनं. साहेबाला म्हटलं, आकडा काय निघालाय तुमचा? २३ मीटर ना? मग टेप परत लावा, २३ ला खुंटी येऊ द्या, ओळ मोडली तर मोडू द्या." मग बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. "लावली परत. अकरा आल्या."

मी म्हटलं, छान. आणि उगाच विचारलं, पहिल्यांदाच अकरा आल्या असत्या तर टेप परत लावायला सांगितली असतीस का?

"रेंज नाही इथं नीट," मामा म्हणाला.